शर्यत संपल्यावरचा सोमवार

६ फेब्रुवारी १९८२ ची संध्याकाळ. हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटावर कैलुआ-कोना नावाचे किनाऱ्यालगतचे एक छोटे गाव आहे. तेथील अलीई ड्राइव्ह या समुद्राकाठच्या रस्त्यावर दुतर्फा माणसे दाटली होती. अंधारून येत होते आणि दूरचित्रवाणीच्या दिव्यांच्या झोतात एक तरुणी अंतिम रेषेकडे येत होती. ज्युली मॉस हे तिचे नाव, वय २३, कॅलिफोर्नियातील विद्यार्थिनी. सकाळपासून समुद्रात सुमारे ३.८ किलोमीटर पोहून आणि त्यानंतर १८० किलोमीटर सायकल चालवून तिने आता ४२ किलोमीटरांची मॅरेथॉनही जवळजवळ पुरी केली होती. महिलांमध्ये ती सर्वांत पुढे होती. पदवीच्या प्रबंधासाठी विषय हवा, म्हणून तिने या शर्यतीत नाव घातले होते. इतक्या लांब पल्ल्याची तिची ही पहिलीच शर्यत.

अंतिम रेषा नजरेच्या टप्प्यात आली आणि तिचे पाय लुळे पडले. ती कोसळली, उठली, काही पावले चालली, पुन्हा कोसळली. शरीरधर्मावरचाही ताबा सुटला. कोणी हात दिला असता तर नियमाप्रमाणे ती बाद ठरली असती. त्यामुळे मदतीला धावलेल्यांनाही मागे सरावे लागले. शेवटचे काही फूट उरले असताना कॅथलीन मॅकार्टनी ही दुसरी स्पर्धक तिच्या शेजारून पुढे निघून गेली आणि पहिली आली. आपण आघाडी घेतली आहे, हे त्या गर्दीत कॅथलीनला कळलेही नव्हते. त्यानंतर २९ सेकंदांनी ज्युली हातापायांवर रांगत आली आणि तिने रेषेवर हात टेकला.

पुढे अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने हे दृश्य घरोघरी पोहोचवले. तोवर मूठभर वेड्यांचा खेळ समजल्या जाणाऱ्या या शर्यतीला त्या काही मिनिटांनी जगभर ओळख मिळवून दिली. पहिल्या आलेल्या कॅथलीनचे नाव आज या खेळाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. दुसऱ्या आलेल्या ज्युलीचे नाव मात्र या खेळाच्या प्रत्येक इतिहासात आहे. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला ही नोंद थोडी चमत्कारिक वाटावी.

ही कथा सांगणारे बहुधा त्या रेषेपाशीच थांबतात. त्या तेवीस वर्षांच्या मुलीपुढे दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे होती, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज महाराष्ट्रातील डॉक्टर, अभियंते, सरकारी अधिकारी, दुकानदार आणि कारखानदारांची मुले-सुना या शर्यतीची तयारी करू लागल्या आहेत. शर्यत कशी पुरी करावी हे शिकवणारे त्यांना पुष्कळ भेटतात. ती पुरी झाल्यावर काय होते, हे सांगणारे थोडे.

एका वादातून निघालेली शर्यत

या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्ही गोष्टी एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता करायच्या. त्याचे सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ल्याचे रूप म्हणजे आयर्नमॅन. १९७७ साली हवाईतील ओआहू बेटावर धावण्याच्या एका स्पर्धेच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की खरा दणकट कोण, धावपटू, जलतरणपटू की सायकलपटू? अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यावर तोडगा सुचवला. बेटावर आधीच चालू असलेल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एकाच दिवशी पार करायची आणि जो प्रथम येईल त्याला लोहपुरुष म्हणायचे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पुरी केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, असा किस्सा आजही सांगितला जातो. नियोजन किती घरगुती होते, याची त्यावरून कल्पना यावी.

त्या पहिल्या शर्यतीच्या सूचनापत्रकात कॉलिन्स यांनी तिन्ही अंतरे लिहून शेवटी गमतीने असे नोंदवले होते की यानंतर आयुष्यभर बढाई मारायला हरकत नाही. शर्यतीनंतरच्या आयुष्याविषयी दिलेला हा पहिला आणि बराच काळ एकमेव अधिकृत सल्ला म्हणावा लागेल. तो अपुरा आहे हे अनेकांना आपल्या अनुभवावरून समजले.

आज पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनसाठी साधारणपणे १७ तासांची मर्यादा असते. सकाळी सात वाजता समुद्रात उतरलेल्या माणसाला मध्यरात्रीपर्यंत वेळ. अर्ध्या अंतराची शर्यतही असते, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. मैलांत मोजल्यास ही बेरीज ७०.३ येते, म्हणून त्या आकड्यावरूनच ती ओळखली जाते. २० ऑक्टोबर २०१९ रोजी, रविवारी, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अशी पहिली शर्यत झाली आणि या खेळाचे प्रवेशद्वार मराठी माणसाच्या अंगणात आले. त्याआधी त्याला परदेशीच जावे लागे. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचमध्ये पूर्ण अंतर १५ तास १९ मिनिटांत पार केले आणि २०१७ साली महाराष्ट्राच्या पोलीस सेवेतील कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ते साधले, तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘लोहपुरुष’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

शरीराचा ताळेबंद

ज्युलीचे पाय का गेले, हे समजून घेतले की शर्यतीनंतरचे शरीरही समजते. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. तो साठा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरींचा. पूर्ण आयर्नमॅनला लागतात आठ ते दहा हजार. चरबीचा साठा प्रत्येकाकडे मुबलक असतो. परंतु चरबी ही मुदत ठेव आहे आणि ग्लायकोजेन हे चालू खाते. ठेव मोडायला वेळ लागतो आणि चालू खात्यावर धनादेश तर सारखे येत राहतात. वाटेत खाऊन भर घालावी म्हटले तर पोटालाही मर्यादा असते. सराव केलेल्या माणसाचे आतडे तासाला ६० ते ९० ग्रॅमच साखर पचवू शकते. ज्याने हे गणित आधी मांडले नाही, त्याचे खाते शेवटच्या काही किलोमीटरांत रिकामे होते आणि मन कितीही खंबीर असले तरी पाय उचलत नाहीत.

शाकाहारी माणसाला हे जमेल का, असा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. हवाईची शर्यत सहा वेळा जिंकणारा डेव्ह स्कॉट त्याच्या ऐन उमेदीच्या काळात शाकाहारी म्हणूनच ओळखला जात होता. शर्यतीत लागते ती मुख्यतः साखर आणि मीठ. केळी, खजूर, साखर-मिठाचे पाणी यांनी काम भागते. बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते आणि काही पाकिटांत मधही असतो, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे एवढेच. सूर्यास्तानंतर अन्न न घेणाऱ्यांना मात्र पूर्ण अंतराच्या शर्यतीत खरी अडचण आहे, कारण नवशिक्याची मॅरेथॉन बहुधा रात्रीच पुरी होते आणि त्या वेळी खाणे थांबवणे धोक्याचे असते. अर्ध्या अंतराची शर्यत सकाळी सुरू होऊन दुपारी संपते. अशांनी तेवढ्यावर समाधान मानावे, हे शहाणपणाचे.

शर्यत संपल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत फसवे असतात. गळ्यात पदक, छायाचित्रे, फोनवर अभिनंदन. घरचे लोक मायेने पाण्याच्या बाटल्या पुढे करतात, आणि नेमका येथेच एक धोका दडलेला आहे. दिवसभर घामावाटे मीठ गेलेले असते. त्यावर नुसतेच पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातील सोडियम पातळ होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ टक्के जणांचे सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध होता तो शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेहून जास्त पाणी पिण्याशी. डोके दुखणे, मळमळ, बोलण्यात विसंगती, हातापायांना सूज अशी लक्षणे दिसली तर पाणी आणखी पाजू नये, वैद्यकीय तंबू गाठावा. तहानेपुरतेच प्यावे, आणि सोबत मीठ असलेले काही खावे. ताक-भात, मुगाची खिचडी हे आपल्या घरचे अन्न या वेळी कोणत्याही महागड्या भुकटीच्या तोडीचे आहे.

दुसरी चूक वेदनाशामक गोळीची. अंग ठणकते म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेण्याचा मोह होतो. शरीरातील पाणी कमी झालेले असताना आणि तुटलेल्या स्नायूंचे द्रव्य रक्तात उतरलेले असताना मूत्रपिंडांवर आधीच भार असतो, तो ही गोळी वाढवते. एकदोन दिवसांत लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली तर घरी थांबू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे. हृदयही थकते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा शर्यतींत उतरलेल्या ४० अनुभवी खेळाडूंची तपासणी केली तेव्हा शर्यत संपताच हृदयाच्या उजव्या कप्प्याची ताकद घटलेली दिसली. बहुतेकांमध्ये ती आठवड्याभरात पूर्ववत झाली. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, परंतु तो आठवडा शरीराला दिला पाहिजे.

बाकीच्या तक्रारी सोसण्याजोग्या असतात आणि आठवणीत त्या विनोदीही ठरतात. स्नायूंचे दुखणे लगेच नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. जिना चढता येतो, उतरता येत नाही. कठड्याला धरून उलटे उतरणारा लोहपुरुष पाहून घरातील लहान मुले हसतात. पायाची नखे काळी पडतात. इतका थकवा असूनही पहिल्या रात्री झोप लागत नाही. भूक मात्र चार-पाच दिवस शमत नाही. पहिले दोन-तीन दिवस सावकाश चालणे, मग जमल्यास पाण्यात नुसते तरंगणे, आणि किमान दोन आठवडे जोराचा सराव नाही, असे वेळापत्रक बहुतेक जाणकार देतात. ज्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी चार आठवडे धरावेत.

साडेचारचा गजर

शरीराचा हिशेब महिन्याभरात मिटतो. मनाचा मिटायला अधिक वेळ लागतो, आणि त्याविषयी बोलायला माणसे लाजतात.

लग्नघराचे उदाहरण घ्यावे. वर्षभर खरेदी, याद्या, आमंत्रणे, पाहुण्यांची सोय यांत घर बुडून गेलेले असते. मुलगी सासरी जाते, मांडव उतरतो, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला काय करावे ते सुचत नाही. काहीही वाईट घडलेले नसते, सारे मनासारखे झालेले असते, तरीही डोळे भरून येतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतरचा सोमवार असाच असतो. सहा ते नऊ महिने पहाटे साडेचारला गजर वाजत होता. आज किती पोहायचे, उद्या किती धावायचे, काय खायचे, किती वाजता झोपायचे, हे सारे एका तक्त्यावर लिहिलेले होते. तो तक्ता रविवारी संपला. सोमवारी गजर वाजतो आणि उठण्याचे कारण उरलेले नसते. पदक दोनदा-तीनदा दाखवून होते. दुकानात गिऱ्हाईक विचारते, किती नंबर आला? साडेसातशेवा, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडतो. हे सारे समजावून सांगण्याची उमेद तेव्हा राहिलेली नसते.

ही उदासी दुबळ्या मनाची खूण नव्हे. ऑलिम्पिकमध्ये २८ पदके मिळवणाऱ्या मायकेल फेल्प्सनेही २०१८ साली जाहीरपणे सांगितले की प्रत्येक ऑलिम्पिकनंतर तो नैराश्यात जात असे. जगात ज्याच्याइतके कोणी जिंकले नाही, त्याला जर विजयानंतर पोकळी जाणवत असेल, तर हौशी माणसाने त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. व्यायामाने येणारी तरतरी एकाएकी बंद होते, सरावाच्या सोबत्यांची रोजची भेट तुटते आणि ‘मी आयर्नमॅनची तयारी करतो’ ही ओळख एका रात्रीत भूतकाळात जाते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून धक्का मोठा असतो.

त्यावर सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे लगेच पुढच्या शर्यतीत नाव नोंदवणे. अनेकजण तर परतीच्या प्रवासात गाडीतच पैसे भरून मोकळे होतात. हा उपाय जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढण्यासारखा आहे. हप्ता पुढे ढकलला जातो, मुद्दल तसेच राहते. निदान महिनाभर तरी कोणताही निर्णय घेऊ नये. त्या महिन्यात घड्याळ न लावता पोहावे, सायकलवर दूध आणायला जावे, आणि शर्यतीची सविस्तर हकिकत आपल्या वहीत लिहून काढावी. लिहिताना ध्यानात येते की मनात राहिलेले क्षण अंतिम रेषेवरचे नसतात. ते पहाटेच्या एखाद्या सरावाचे असतात, पाऊस पडत असताना घाटात सायकल पंक्चर झाल्याचे असतात. उदासी दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र ती शर्यतीची गोष्ट राहत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

कुटुंबाचे देणे

आणखी एक खाते आहे, आणि ते शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा उघडून पाहिले जाते. पहिल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणारा माणूस आठवड्याला साधारण दहा ते पंधरा तास सरावाला देतो. हे तास कोठून येतात? दुकान तर वेळेवर उघडावेच लागते. ते येतात पत्नीच्या रविवारांतून, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमांतून, वडिलांना दवाखान्यात नेण्याच्या फेऱ्यांतून. धाकटा भाऊ सणासुदीच्या दिवसांत एकटा गल्ल्यावर बसतो. घरातील स्त्री पहाटे उठून डबा आणि बाटल्या भरून देते, आणि नवरा परतून दुपारी झोपला की मुलांना गप्प बसवते. स्पर्धक जर सून असेल तर हा हिशेब आणखी अवघड. तिला सराव करूनही स्वयंपाकघरातील आपली पाळी चुकवता येत नाही, म्हणजे तिचे तास तिच्याच झोपेतून येतात. पदक एकाच्या गळ्यात पडते. हप्ते सर्वांनी भरलेले असतात.

शर्यतीनंतर घरात जी चिडचिड होते तिचे मूळ बहुधा येथे असते. घरच्यांना वाटते, संपले एकदाचे, आता माणूस परत मिळाला. आणि तो माणूस मात्र दिवाणखान्यात बसून फोनवर पुढच्या वर्षाच्या शर्यतींच्या तारखा पाहत असतो. व्यापारी घरांत उधारीची परतफेड ही अब्रूची बाब समजली जाते. मग हीच उधारी तेवढी विस्मरणात का जावी? ज्यांनी हे ओळखले त्यांनी साध्या गोष्टी केल्या. पुढचे तीन महिने दुकान आपण उघडायचे आणि भावाला सुट्टी द्यायची. रविवार पूर्णपणे पत्नीच्या हवाली. पहाटे उठण्याची सवय लागलीच आहे, तर वडिलांसोबत फिरायला जायचे, त्यांच्या वेगाने. असे वागणाऱ्यांची उदासीही लवकर सरते असे दिसते. त्याचे कारण उघड आहे. त्यांना सोमवारी उठायला निमित्त असते.

ज्युली मॉसचे पुढे काय झाले? ती या खेळातच राहिली, व्यावसायिक स्पर्धक झाली. दूरचित्रवाणीवर तिचे ते रांगणे पाहून मार्क अ‍ॅलन नावाचा एक तरुण या खेळाकडे वळला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो हवाईला उतरला आणि सायकल बिघडल्याने शर्यत सोडावी लागली. पुढेही वर्षानुवर्षे त्याला तेथे यश मिळाले नाही. १९८९ साली त्याने डेव्ह स्कॉटला अवघ्या ५८ सेकंदांनी हरवले आणि पुढे एकूण सहा वेळा तो विजेता ठरला. त्याच १९८९ साली त्याचा आणि ज्युलीचा विवाह झाला. तो पुढे टिकला नाही. ज्युलीला मात्र जेथे जाईल तेथे लोक त्या शेवटच्या पंधरा फुटांविषयीच विचारत राहिले. तिने २०१८ साली आत्मकथन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नावातही ते पंधरा फूट होतेच. तेवीसाव्या वर्षी घडलेल्या एका प्रसंगासोबत साठीपर्यंत नांदायचे, हे २२६ किलोमीटरांहून सोपे असेल असे वाटत नाही.

साठीनंतरची सुरुवात

या सगळ्याकडे दुसऱ्या टोकाकडून पाहावे असे एक नाव जपानमध्ये आहे. हिरोमु इनादा, जन्म १९३२. पत्रकारितेत आयुष्य गेले. साठीच्या सुमारास आजारी पत्नीची शुश्रूषा करण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. त्या दिवसांत स्वतःची प्रकृती सांभाळावी म्हणून ते तलावावर पोहायला जाऊ लागले. दहा वर्षे अशी गेली आणि वयाच्या सत्तरीत त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली. पत्नीच्या निधनानंतर सराव हाच त्यांचा दिनक्रम झाला. ज्या वयात माणसे किल्ल्या मुलाच्या हाती देऊन दारात खुर्ची टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रिकाम्या सोमवारशी गाठ पडून गोंधळतात, त्या वयात हा गृहस्थ लांब पल्ल्याची तयारी करत होता. २०१२ साली हवाईत ८० ते ८४ वर्षांच्या गटात ते पहिले आले.

२०१५ च्या शर्यतीत ते त्याच अलीई ड्राइव्हवर मध्यरात्रीच्या ठोक्याला येऊन पोहोचले. अंतिम रेषा समोर होती, माणसे ओरडत होती, आणि ते पडले. उठले, पुन्हा सरसावले. रेषा ओलांडली तेव्हा १७ तास उलटून ५ सेकंद झाले होते. निकालपत्रात त्यांचे नाव पूर्ण केलेल्यांत आले नाही. वय ८२.

त्या ५ सेकंदांनंतरची सकाळ त्यांनी कशी काढली असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. घडले ते एवढेच की ते जपानला परतले, नेहमीप्रमाणे सरावाला लागले आणि पुढच्या वर्षी येऊन त्यांनी शर्यत वेळेत पुरी केली. २०१८ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते पुन्हा हवाईच्या समुद्रात उतरले. रात्री अलीई ड्राइव्हवरची रेषा त्यांनी ओलांडली तेव्हा १६ तास ५३ मिनिटे ४९ सेकंद झाले होते. मुदत संपायला सहा मिनिटे शिल्लक होती.